मालिका संपतेय आणि महिनाअखेर फ्लॅटचं टोकन द्यायचंय

प्रश्न

(पत्र थोडक्यात देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी ३४ वर्षांचा, मूळ चिपळूणचा. बरीच वर्षं ठाण्यात राहून अभिनय करतोय. कासारवडवलीत भाड्याने राहतो, भाडं १९,०००. घोडबंदर रोडवरच्याच एका सेटवर गेले वीस महिने मालिकेत नायकाच्या मोठ्या भावाचं काम करतोय. रोजचे ५,०००, महिन्याला साधारण १६ दिवस. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरला दहा टक्के जातात. मालिका दोन महिन्यांत निरोप घेणार असं कानावर आलंय. या मालिकेआधी सात महिने रिकामा होतो, फक्त एका नाटकाचे बावीस प्रयोग केले, नाइट (एका प्रयोगाचं मानधन) अडीच हजार. त्याआधी नऊ महिने एक छोटी भूमिका होती, ३,५०० रोज, महिन्याला बारा दिवस.

बायको वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, हातात ३६,००० येतात. आमच्या जवळच बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६२ लाखांचा वन बीएचके पाहिलाय. बिल्डरचा माणूस म्हणतो, '४८ लाखांचं कर्ज करून देतो, तुम्ही १५ लाख तयार ठेवा, महिनाअखेर एक लाख टोकन द्या.' माझे ९ लाख साठलेत, एसटीतून निवृत्त झालेले वडील ६ लाख द्यायला तयार आहेत. दुसरीकडे एका मित्राने ऐरोलीत ४०,००० ची नोकरी सुचवली आहे. ती घेतली तर अभिनय संपलाच असं वाटतं. बायको म्हणते, 'तुला करायचं ते कर, पण कधीपर्यंत ते सांग.' तिचाही विश्वास उडालाय. पस्तिशीच्या आत काही ठरलं नाही तर मग उरतं काय? निदान घर घेऊन टाकावं, म्हणजे एक गोष्ट तरी पक्की होईल. काय करू?

उत्तर

तुमच्या पत्रात घर, नोकरी आणि अभिनय असे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि तिन्हींना महिनाअखेरची एकच तारीख लागली आहे. ती तारीख बिल्डरच्या माणसाने दिलेली आहे. तुमच्या कामाचा, बायकोच्या पगाराचा किंवा तुमच्या वयाचा तिच्याशी काही संबंध नाही. म्हणून आधी घराचा प्रश्न सुटा करून बघू, तो आकड्यांत मांडता येतो.

स्वतःचं उत्पन्न विचारलं की बहुतेक कलाकार चालू मालिकेचा आकडा सांगतात. तुमचा ८०,००० होतो. पण तुम्ही पत्रात पूर्ण ३६ महिन्यांचा तपशील दिलाय, तो बेरजेला घेऊ. छोट्या भूमिकेचे नऊ महिने म्हणजे ३,७८,०००. नाटकाचे ५५,०००. या मालिकेचे वीस महिने, १६ लाख. एकूण २०,३३,०००. त्यातून या मालिकेतलं को-ऑर्डिनेटरचं कमिशन १,६०,००० वजा करा. रिक्षा, अंधेरी-गोरेगावच्या ऑडिशनच्या फेऱ्या, केस-दाढी, कपडे, फोटो यांचे महिन्याला ५,००० धरले तर आणखी १,८०,०००. उरतात १६,९३,०००. याला ३६ ने भागलं की महिन्याला ४७,००० येतात. हप्ता, भाडं, मुलाची शाळा, कशाचाही विचार करताना तुमचा पगार एवढाच समजा. ८०,००० हा चांगल्या दिवसांचा दर आहे.

आता याच हिशेबात ते घर बसवून बघू. साडेआठ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी ४८ लाखांचा हप्ता ४१,६०० च्या आसपास पडतो. सोसायटीचा मेंटेनन्स ४,००० धरू आणि किराणा, वीज, गावाकडे पाठवायचे पैसे असं सगळं मिळून २६,०००. महिन्याचा खर्च झाला ७१,६००. तुमचे ४७,००० आणि बायकोचे ३६,००० मिळून ८३,०००. म्हणजे सरासरीने घर परवडतंय, ओढाताणीने का होईना. बिल्डरचा माणूस अगदीच खोटं बोलत नाहीये.

पण काम सरासरीने येत नाही. ज्या महिन्यात तुमच्याकडून काहीच येणार नाही, त्या महिन्याकडे बघा. आज भाड्याच्या घरात खर्च ४५,००० आणि बायकोचा पगार ३६,०००, म्हणजे तूट ९,०००. विकत घेतलेल्या घरात हीच तूट ३५,६०० होते. तुमची मागची रिकामी पट्टी सात महिन्यांची होती. तेवढीच पुन्हा आली तर भाड्याच्या घरात ६३,००० लागतील आणि हप्त्याच्या घरात जवळपास अडीच लाख. घर घेतल्याने एक गोष्ट पक्की होईल असं तुम्ही म्हणता. पक्का होईल तो हप्ता. सलग ९० दिवस तो थकला की बँकेच्या दप्तरी कर्ज एनपीए (थकीत, अनुत्पादक) होतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही समोर येईल ती भूमिका, येईल त्या पैशांत स्वीकारत असाल.

शिवाय १५ लाखांत हा व्यवहार होत नाही. ६२ मधून ४८ गेले, राहिले १४. बांधकाम चालू असलेल्या आणि ४५ लाखांवरच्या घराला ५ टक्के जीएसटी लागतो, तो ३ लाख १० हजार. ठाणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे ४ लाख ३४ हजार. नोंदणीचे ३०,००० वेगळे. बेरीज २१ लाख ७४ हजार होते. पावणेसात लाखांचा खड्डा आहे आणि त्यात अजून पंखे, गिझर, ओटा धरलेले नाहीत. हा खड्डा लोक पर्सनल लोनने बुजवतात, तिथून खरी घसरण सुरू होते. ताबा मिळेपर्यंत भाडंही चालू राहील आणि बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरचं व्याजही. हे दोन्ही एकत्र भरायचे महिने कोणत्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

बँक ४८ लाख देईल का, हाही प्रश्नच आहे. नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे, तिथे तुम्ही बसता. पण पगारदार नसलेल्या माणसाकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात आणि त्यातला निव्वळ नफा बघतात. मालिकेच्या पगारपत्रकाला तिथे भाव नाही. एकट्या बायकोच्या पगारावर, निम्मा पगार हप्त्याला धरला तरी, कर्ज २० लाखांच्या आसपासच अडतं. 'कागदपत्रं आम्ही बघून घेतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. फुगवलेल्या कागदांवरची सही तुमची असते.

घर घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. हप्त्याची एक रंगीत तालीम करा. होणारा हप्ता आणि मेंटेनन्स मिळून ४५,६००. त्यातून आजचं भाडं वजा केलं की २६,६०० उरतात. एवढी रक्कम बारा महिने दर महिन्याच्या ५ तारखेला वेगळ्या खात्यात टाका. मालिका चालू असताना टाका आणि संपल्यावरही टाका. बाराही महिने जमलं तर तुम्ही हप्त्याला तयार आहात, आणि हाताशी ३ लाख १९ हजार असतील. सहाव्या महिन्यात अडलात तर ते बँकेच्या नोटिशीऐवजी तुमच्याच पासबुकात कळेल. मेट्रो ४ च्या नावाने भाव चढतील, आत्ताच घ्या, असं तुम्हाला सांगितलं जाईल. चढतीलही. पण 'सेट जवळ आहे' म्हणून कासारवडवलीत घर घ्यायचं असेल तर हा सेट दोन महिन्यांनी नसेल. पुढची मालिका गोरेगावच्या फिल्मसिटीत, मढला, नायगावला किंवा थेट वाई, नाशिक, कोल्हापूरला लागू शकते. गायमुखच्या घाटात सकाळी अडकलेल्या माणसाला सात वाजता सेटवर हजर व्हायचा कॉल म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

वडिलांच्या सहा लाखांबद्दल थोडं कठोर बोलतो. एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाचे ते बहुधा म्हातारपणाचे पैसे आहेत. ते घ्यायचेच असतील तर त्यांना आधी एकच विचारा: उद्या गुडघ्याचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन निघालं तर कशातून करणार? उत्तर 'तू आहेस ना' असं आलं, तर ते पैसे तुम्हाला मिळालेले नाहीत, बिनव्याजी आणि बिनतारखेचं कर्ज मिळालंय.

टोकनचंही सांगून टाकतो. द्यायचंच ठरलं तर आधी महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा कधी देणार ती तारीख बघा. बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्या. 'कर्ज मंजूर न झाल्यास टोकनची पूर्ण रक्कम परत' एवढं लेटरहेडवर लिहून घ्या. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याने बिल्डरला मनाई आहे. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तुमच्या बाबतीत ६२,०००. दोघांच्या नावावर घेतलं तर ती जाते. मग मालकी कोणाची, हे मात्र दोघांनी आधीच बोलून घ्यायला हवं.

आता कामाकडे येऊ. मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात हे तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा एक परिणाम नजरेतून सुटतो. मालिका थांबली तरी तीन महिने खात्यात पैसे येत राहतात, म्हणून काम गेल्याची झळ उशिरा लागते. त्या तीन महिन्यांत माणूस निवांत असतो, फोन करत नाही, चहाला भेटत नाही. आणि नवीन मालिका मिळाली की पहिले तीन महिने काहीच येत नाही. रोज बारा तास सेटवर आणि खिशात रिक्षाला पैसे नाहीत, ही अवस्था रिकाम्या महिन्यांपेक्षा जास्त जीव काढते. तेव्हा शेवटच्या तीन महिन्यांचे येणारे पैसे हे पगार समजू नका. ते पुढच्या मालिकेच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी बाजूला काढा.

त्याचवेळी याच ९० दिवसांमुळे तुमच्याकडे वेळ आहे. दोन महिने शूटिंगचे आणि त्यानंतरचे तीन येण्याचे, असे पाच महिने घरात पैसे येणार आहेत. हे ऐकून लगेच हुश्श करू नका, पण आज रात्रीच निर्णय घेतला पाहिजे असंही नाही.

या दोन महिन्यांत सेटवरची काही कामं उरकून घ्या. वीस महिन्यांत किती दिवस शूट केलं, कॉल किती वाजता होता, पॅकअप किती वाजता झालं, त्यातले कोणते पैसे आले आणि कोणते थकलेत, याची तारीखवार यादी करा. रोजच्या कॉलचे व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका, उद्या वाद झाला तर तोच तुमचा हजेरीपट. प्रॉडक्शन युनिट विखुरण्याआधी ही यादी अकाउंट्सला मेलवर पाठवा आणि 'बरोबर आहे' एवढं उत्तर मिळवा. एकदा सेट मोडला की प्रॉडक्शन मॅनेजर दुसऱ्या मालिकेवर जातो आणि तुमचे सहा दिवस कुणालाच आठवत नाहीत. पैसे अडले तर आधी लेखी आठवण द्या, मग सिन्टाकडे, म्हणजे कलाकारांच्या संघटनेकडे, तक्रार करा. सदस्यत्व घेतलं नसेल तर भांडण नसतानाच घ्या.

दुसरं, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर. तुमच्या ८०,००० तून दहा टक्क्यांनी दरमहा ८,००० कापले जात असतील. वर्षाचे ९६,००० झाले. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्यावर येतो. म्हणजे तुमचे हे जवळपास सगळे पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळण्यासारखे आहेत. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस उघडून निर्मिती संस्थेने कापलेले पैसे तुमच्या पॅनवर खरोखर भरलेत का, ते दर तिमाहीला तपासा. कापतात पण भरत नाहीत, किंवा पॅनचा एक आकडा चुकवतात, अशी उदाहरणं कमी नाहीत. चित्रपट कलाकारांसाठी निम्मी रक्कम खर्च धरून नफा दाखवण्याची सोय आहे. मालिकेच्या पैशांना ती लागू करता येते का, हे सीए सांगेल. पण त्याला घरकर्जाचा विचारही सांगा. नफा निम्मा दाखवला की कर्जाची पात्रताही खाली येते, आणि ते बँकेत गेल्यावर कळण्यात अर्थ नाही.

नोकरीबद्दल. 'नोकरी घेतली की अभिनय संपला' हे वाक्य तुमच्या व्यवसायात इतक्यांदा बोललं जातं की ते कुणी तपासत नाही. नोकरीने दिवसाची मालिका बंद होते, हे खरं. बारा तासांची शिफ्ट आणि ऑफिस एकत्र जमत नाही. नाटक बंद होत नाही, प्रयोग बहुतांश शनिवार-रविवारी असतात. डबिंग आणि व्हॉइसओव्हर संध्याकाळी होतात. जाहिरातीचं एक दिवसाचं शूट रजेवर निघतं. तेव्हा मित्राच्या कंपनीत पगाराआधी नोटीस पिरियड विचारा. मालिकेत गुरुवारी लूक टेस्ट (भूमिकेच्या वेशात कॅमेऱ्यासमोरची चाचणी) आणि सोमवारी शूट, असं सर्रास घडतं. साठ किंवा नव्वद दिवसांची नोटीस असेल तर तुमची भूमिका दुसरा कुणीतरी करत असेल. प्रोबेशनमध्ये नोटीस किती, पैसे भरून ती कमी करता येते का, आणि बाहेर अभिनय करायला हरकत नाही असं नेमणूकपत्रात लिहून देतील का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला तोंडी 'हो' मिळेल, ते पुरेसं नाही, दुहेरी नोकरीचं कलम बहुतेक करारांत असतं. शिफ्टही विचारा. दुपारी दोनची शिफ्ट असेल तर सकाळची ऑडिशन साधते. कासारवडवलीहून बसने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली म्हणजे जायला सव्वा-दीड तास धरा. त्यानंतर तालमीला किती जोर उरतो, तो तुमचा तुम्ही ठरवा. ४०,००० आणि नव्वद दिवसांची नोटीस यापेक्षा ३०,००० आणि पंधरा दिवसांची नोटीस तुम्हाला जास्त उपयोगाची आहे. बायकोच्या कंपनीचा गट आरोग्य विमा तुम्हालाही लागू आहे का, तेवढं आजच बघून घ्या. नसेल तर नोकरी घ्या न घ्या, विमा घ्या.

बायकोच्या वाक्यावर मी जरा थांबलो. 'करायचं ते कर, पण कधीपर्यंत ते सांग.' यात विश्वास उडाल्याचं तुम्हाला कुठे दिसलं? तिने 'सोड' म्हटलेलं नाही. ती अकाउंट्सवाली आहे, तारीख मागते आहे. गेले ३६ महिने तिचा पगार हाच तुमच्या घरातला एकमेव न हलणारा आकडा आहे, आणि तो किती दिवस एकट्याने ओढायचा हे विचारण्याचा तिला हक्क आहे. तेव्हा तिला तारीख द्या. शेवटच्या शूटपासून नऊ महिने. सातची पट्टी तुम्ही आधी पाहिली आहे, दोन वरचे. ही तारीख आणि तोपर्यंतच्या तुटीचे पैसे, भाड्याच्या घरात नऊ गुणिले नऊ हजार म्हणजे ८१,०००, तिच्या समोर वेगळ्या खात्यात ठेवा. मग नऊ महिन्यांत ती दर आठवड्याला 'काही आलं का?' असं विचारणार नाही. त्या प्रश्नाने रिकाम्या काळात किती चिडचिड होते, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी असंच पत्र लिहिणाऱ्या अनेकांनी लिहिलंय.

नऊ महिन्यांनी काम मिळालं की नाही एवढंच बघू नका, काम कुठे अडतंय ते बघा. ऑडिशनचे निरोपच येत नसतील तर अडचण ओळखींची आणि फोटोंची आहे. नायकाच्या भावाच्या भूमिकेनंतर कास्टिंगवाल्यांच्या यादीत तुम्ही कोणत्या वयोगटात आहात, ते थेट विचारा. ऑडिशन होतात पण कुणी पुन्हा बोलवत नाही, तर दोष टेपमध्ये (ऑडिशनसाठी पाठवलेल्या व्हिडिओत) किंवा सवयीत आहे. आणि लूक टेस्टपर्यंत जाऊन परत येत असाल तर तुमच्यात बिघाड शोधत बसू नका. तिथे समोरच्या नटीची उंची, चॅनेलची पसंती आणि तुमचा रोजचा दर यांवर ठरतं. तिसऱ्या पायरीवर पाचदा अडलेला नट पहिल्या पायरीवर अडलेल्यापेक्षा कितीतरी पुढे असतो, पण घरी दोघांचंही उत्तर 'नाही झालं' असंच ऐकू येतं. पस्तिशीची धास्ती नायक व्हायचं असेल तर समजू शकतो. पण मोठा भाऊ, धाकटा काका, इन्स्पेक्टर, वकील या भूमिका पस्तीस ते पन्नासमधल्या पुरुषांकडेच जातात आणि मालिकेत त्याच जास्त टिकतात. (मुलींचं गणित वेगळं आणि जास्त अन्यायाचं आहे. त्यांना तिशीतच आईची भूमिका विचारतात.)

टेपची गोष्ट निघालीच आहे तर. भाड्याच्या खोलीत सेल्फ टेप करायची तर वेळ दुपारी बारा ते तीनची धरा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात आणि संध्याकाळची हॉर्नची गर्दी अजून सुरू झालेली नसते. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. मागे साधी भिंत असावी, देव्हारा, कॅलेंडर, वाळत घातलेला टॉवेल काहीही नको. पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढा आणि झाल्यावर आठवणीने लावा, त्याची घरघर खोलीत ऐकू येत नाही, टेपमध्ये येते. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर. आधी नाव, वय, उंची, शहर, मोकळ्या तारखा, मग डावी-उजवी बाजू, मग सीन. समोरच्याच्या ओळी वाचणारा लेन्सच्या अगदी शेजारी उभा असावा आणि त्याने हळू वाचावं, नाहीतर टेपमध्ये तोच ऐकू येतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर चित्राचा दर्जा घसरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि एक सवय मोडा. वीस महिने मालिका केलेला नट ओळ संपल्यावर नजर तशीच रोखून धरतो, कारण तिथे क्लोजअप आणि संगीत येणार असतं. टेपमध्ये संगीत येत नाही. चित्रपट, वेब किंवा जाहिरातीसाठी बघणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं की माणूस कुठून आलाय.

रिकाम्या महिन्यांतल्या बाकीच्या कामांना हंगाम असतो आणि तो हुकला की वर्ष हुकतं. शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत होतात, पण नाट्य बसवणारा माणूस शाळा दिवाळीच्या आधी ठरवतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळा कमी नाहीत. सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांना भेटा, निम्मे पैसे आधी घ्या. महाविद्यालयांच्या एकांकिका साधारण पावसाळ्याच्या शेवटापासून बसायला लागतात. एप्रिल-मे मुलांच्या शिबिरांचा. डबिंगसाठी तीस-तीस सेकंदांचे तीन नमुने तयार ठेवा: एक जाहिरातीचा, एक कथनाचा, एक संवादाचा. यातलं कुठलंही काम कुणाला ऑडिशन असं वाटणार नाही, पण गडकरी रंगायतनच्या बाहेर प्रयोगानंतर ज्या ओळखी होतात, त्यातूनच पुढचा फोन येतो. ऑडिशनसाठी किंवा 'पोर्टफोलिओ नोंदणी'साठी पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या. कास्टिंगवाला कलाकाराकडून पैसे घेत नाही.

आणि पुढचा करार आला की सगळी घासाघीस रोजच्या आकड्यावर करू नका. ५,५०० रोज मागून महिन्याला आठच दिवस मिळाले तर ४४,०००. ४,५०० रोज आणि पंधरा दिवसांची हमी लिहून मिळाली तर ६७,५००, कथेत तुमचा ट्रॅक असो वा नसो. हमीचे दिवस, पैसे किती दिवसांत, बारा तासांनंतरचा जादा वेळ आणि भूमिका संपवायची असेल तर किती दिवसांची लेखी सूचना, एवढी चार कलमं मागा. तीन मिळणार नाहीत. हमीचे दिवस मात्र मोठ्या भावाच्या भूमिकेला मिळू शकतात, कारण घरातला सीन त्याच्याशिवाय लागत नाही. 'इतर चॅनेलवर काम करायचं नाही' हे कलम येईल, त्यात नाटक, डबिंग आणि सूत्रसंचालन यांना सूट लिहून घ्या. सही करण्याआधी करार घरी आणा आणि बायकोला वाचायला द्या. आकड्यांची आणि तारखांची कलमं ती तुमच्यापेक्षा चांगली वाचेल.